डावा पाइप

चऱ्होली, ४ मे २०२५

तीर्थस्वरूप मामांना करिष्माचा शि. सा. न. वि. वि.

सुनेचं पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे खुशाल आहेत. फोनच केला असता, पण तीस वर्षं कंपनीत पत्रा ठोकणाऱ्या प्रेसशॉपमध्ये काढून तुमच्या कानांचं जे झालंय, त्याला माझा आवाज पुरत नाही. आणि आई मध्ये उभ्या राहून निरोप सांगायला लागल्या की मिलिमीटरचे सेंटिमीटर होतात. म्हणून कागदच बरा.

विषय तुमच्या जुन्या मोटरसायकलचा. रविराजच्या मनगटाचं प्लास्टर निघालं. सोमवारी, २६ तारखेपासून, ते पुन्हा त्याच गाडीवर चाकणला ड्यूटीला जाणार म्हणतात. मोशीला खड्ड्यानंतर पुढचं चाक थरथरलं आणि पडलो, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा तुम्ही चार माणसांत म्हणालात की अठ्ठ्याहत्तरची गाडी मी जन्मभर चालवली, कधी हलली नाही, चालवणाऱ्याचाच हात कच्चा. ते एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून तुमच्याशीही बोलत नाहीत. तुम्हा बापलेकांत मी पडत नाही. मला माझा नवरा रोज धड घरी यायला हवा, बस्स.

हँडलचा कोनसेट आणि टायर नवे टाकले. माझ्या कंपनीत क्वालिटी विभागात असलेल्या जयसिंगांनी चालवून पाहिली, तर साठच्या पुढे हँडल अजून वळवळतं. ते म्हणतात फोर्क ब्रेस बसवा, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या दोन्ही पायांना चाकाच्या वर एकत्र बांधणारी कमान. मी दोन बघितल्या. एक पत्र्याची, कुठल्याही गाडीला बसते म्हणे. दुसरी ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कापलेली, चांगली जड. कोणती घेऊ आणि कशी बसवू, सविस्तर लिहा. आईंना नमस्कार. रागावला असाल तरी उत्तर येऊ द्या.

आपली सून,
करिष्मा

उदगीर, ९ मे २०२५

चि. सौ. करिष्मा हीस मारुतरावचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या सासूने आधी वाचलं आणि मिलिमीटरच्या वाक्यावर तासभर फुगून बसली. आता कैऱ्या चिरतेय, म्हणजे राग उतरला.

पत्र्याची घेऊ नको. कुठल्याही गाडीला बसते म्हणणाऱ्याने आपल्या गाडीचं माप घेतलेलं नसतं. जड आहे तीच घे, पण पायाला पूर्ण गोल वेढा घालून आवळणारी हवी. विकत घ्यायच्या आधी व्हर्नियर लावून पायांची जाडी मोज, आणि कमान जिथे बसणार तिथेच मोज. जुनं ओतकाम आहे, एक पाय दुसऱ्याहून केसभर जाड निघेल. ढिली पडली तर पितळेची शिम, म्हणजे पातळ पट्टी, मध्ये घालायची. घट्ट झाली तर हातोडी लावायची नाही, सांगून ठेवतो.

बसवताना एक्सलचा नट आवळ, पण पायांच्या टोकाला एक्सल धरणारे छोटे बोल्ट ढिले राहू दे. पुढचा ब्रेक धरून गाडी चार-पाचदा खाली दाब. पाय आपापली जागा घेतात. मग ते बोल्ट आवळ, आणि सगळ्यात शेवटी कमान. कमानीने पायांना ओढायचं नसतं, आहेत तिथे धरायचं असतं.

हे झालं की गाडी जॅकवर घे, शॉकअपच्या स्प्रिंगा काढ आणि चाक हाताने पार वरपर्यंत उचलून बघ. कमान हँडलखालच्या पट्टीला लागता कामा नये, मडगार्ड टायरला लागता कामा नये, बोटभर जागा हवीच. आणि वर-खाली लोण्यासारखं सरकलं पाहिजे. कुठेही अडलं तर गाडी रस्त्यावर आणायची नाही.

एवढं सगळं तू करशील गं पोरी. पण हँडल धरणारे हात तेच राहणार, त्यांना कुठली ब्रेस बसवतेस? असो. प्रकृतीला जप.

तुझा मामा,
मारुतराव

चऱ्होली, १५ मे २०२५

ती. स्व. मामांना करिष्माचा नमस्कार.

हातांना ब्रेस बसवायचं तुमचं वाक्य मी घरात वाचून दाखवलेलं नाही. त्याबद्दल मला लोणच्याची एक बरणी जास्त पाठवा.

जड कमान आणली. उजवा पाय खरोखरच केसभर बारीक निघाला, शिम घातली. तुम्ही लिहिलं त्याच क्रमाने सगळं आवळलं. स्प्रिंगा काढून चाक उचललं, तर निम्म्यावर येऊन अडलं. सगळं ढिलं करून दोनदा पुन्हा बसवलं, तरी तिथेच. मग कमान काढून एकेक पाय वेगळा सरकवला. उजवा छान जातो. डावा त्याच जागी किंचित खरखरतो.

रविराज म्हणतात कमानीची भोकं अर्धा मिलिमीटर मोठी करू, म्हणजे सुटेल. जयसिंगांनाही पटलंय. २५ तारखेच्या रविवारी भोकं वाढवणार आणि सोमवारी गाडी निघणार. माझं मन तयार होत नाही, पण कारण काही सांगता येत नाही. तुमच्यासारखी गाडी कुणालाच माहीत नाही. तुम्ही हो म्हणालात तर गप्प बसेन. उत्तर रविवारच्या आत हवं.

आपली,
करिष्मा

उदगीर, १९ मे २०२५

चि. सौ. करिष्मा हीस आशीर्वाद. स्पीड पोस्टाने पाठवतोय.

भोकं वाढवू नको. गाडी जागची हलवू नको. डाव्या पायात वर-खाली सरकणारा पाइप वाकलेला आहे. मला ठाऊक आहे, कारण मीच तो सरळ केला होता.

शहाण्णव सालची गोष्ट. भोसरीत पुढच्या टेम्पोने कचकन ब्रेक मारला आणि मी जाऊन आदळलो. नवा पाइप घेतला असता, पण घरी कळलं असतं. तेव्हा आमच्या प्रेसशॉपमध्ये जो तो घरचं वाकलेलं आणून सरळ करायचा. खाटेचा पाय, कुदळ, काय वाट्टेल ते. मीही पाइप नेला, दुसऱ्या पाळीत प्रेसखाली धरला आणि दाबला. डोळ्यांना सरळ दिसला. वाकल्यावर सरळ केलेला पाइप कधी दगा देईल सांगता येत नाही, हे प्रेसवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तरी बसवला. कधी हलली नाही म्हणालो ते खोटं. हलत होती. मी चाळीसच्या वर नेतच नव्हतो.

आणखी एक. त्या दिवशी माझ्यापुढे पेट्रोलच्या टाकीवर रविराज बसला होता, पाच वर्षांचा. त्याच्या हनुवटीवरची खूण जिन्यावरून पडल्याची नाही, त्या टेम्पोची आहे. तुझ्या सासूला मी जिना सांगितला आणि आजवर तोच सांगत आलो. मोशीला तो पडला तेव्हा काय झालं असणार ते मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी चार माणसांत त्याच्यावर ढकललं. लाज वाटते गं पोरी. पोराचा जीव गेला असता.

दोन्ही पाइप नवे टाक. हे पत्र त्याला वाचून दाखव. माझ्याने बोलवणार नाही.

मारुतराव

चऱ्होली, १ जून २०२५

ती. स्व. मामांना करिष्माचा नमस्कार.

पत्र २३ तारखेच्या शुक्रवारी मिळालं. हे रजिस्टरने पाठवतेय, आईंच्या आधी तुमच्याच हातात पडावं म्हणून. आधी कामाचं लिहिते. डावा पाइप कंपनीत नेऊन सपाट प्लेटवर लोळवला, खालून लख्ख उजेड दिसला, म्हणजे वाकडाच. आमच्याकडे रिजेक्ट मालाला लाल रंग लावून तो कापून टाकतात, कुणी चुकूनही परत बसवू नये म्हणून. तसाच कापला. नवे पाइप आले, कमान भोकं न वाढवता हातानेच बसली आणि चाक पार वरपर्यंत विनातक्रार गेलं. काल जयसिंगांनी सत्तरपर्यंत नेली, हँडल शांत. उद्यापासून रविराज नेतील. मी आता नाही म्हणत नाही.

तुमचं पत्र मी वाचून दाखवलं नाही, त्यांच्याच हातात दिलं. तुमच्यावर फार चिडले होते मी, खोटं कशाला बोलू? त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, पाइपचं माहीत नव्हतं, पडल्याचं माहीत होतं. त्यांना सगळं आठवतं, मामा. टेम्पोतले फ्लॉवरचे गड्डे रस्ताभर झालेले. तुम्ही रुमालाने हनुवटी दाबून धरलेली. आणि टपरीच्या बाकावर बसवून तुम्ही सांगितलेलं, की आईला जिन्यावरून पडलो म्हणायचं, शहाणा ना तू?

म्हणून त्यांनी आईंना कधी सांगितलं नाही. सात वर्षं संसार करून मलाही नाही. मोशीनंतर चार माणसांत तुम्ही त्यांचा हात कच्चा म्हणालात, तेव्हाही नाही. मी विचारलं की तेव्हा तरी का गप्प बसलात, तर म्हणाले की आई तिथेच बसली होती.

त्यांनी तुम्हाला एवढंच लिहायला सांगितलंय, की आता आईला बाबांनीच सांगावं.

माया आहे तशीच असू द्या.

आपली,
करिष्मा