खांद्यावरचा हात

एकोडी, ता. साकोली
१७ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. रुचिका हिस,
अनेक आशीर्वाद.

‘सौ.’ लिहिताना पेन थांबला होता. पण लिहिलं.

तुला आठवतं का, तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आपण दोघी ओसरीवर बसून लग्नाच्या फोटोंभोवती लावायला रंगीत कागदाचे गोल कापत होतो? तुझा गोल दर वेळी वाकडा यायचा. “कात्री नाही, कागद फिरव,” असं मी, शाळेत सिस्टरनी मला शिकवलं तसं, चारदा सांगितलं. तू वैतागून म्हणालीस, “आई, तुमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरलेच बोलवा. मले नाही जमत.” खाटेवरून प्रविण हसला, “काहून रागावून राहिली तिले? तिची पोळी तरी कुठं गोल असते!” तू कागदाचा बोळा त्याच्या डोक्यात मारलास.

इकडे सगळं ठीक. धान कापून झालं, मळणी बाकी आहे. यांचा गुडघा पुन्हा दुखतो.

परवा डिंपलचा फोन आला होता. “आजी, शाळेत फॅमिलीचं स्क्रॅपबुक करायचं आहे. बाबाचा मम्मीसोबतचा फोटो पाठव. मम्मीजवळ एकबी नाही.” मी लगेच हो म्हटलं. मग कपाटापुढे जाऊन नुसतीच उभी राहिले.

तुझ्याजवळ एकही नाही, कारण अल्बम मी तुला नेऊ दिला नाही. प्रविण गेल्यावर दोन वर्षांनी तू प्रफुल्लरावांशी लग्न करणार हे सांगायला स्वतः आलीस, आणि मी तुला पाणीही विचारलं नाही. “तू त्याले विसरली,” एवढंच म्हणाले. हे तुला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही.

तू गेलीस त्याच दुपारी मी अल्बम काढला. फोटोवर वाटी पालथी ठेवून पेन्सिलीने गोल आखले आणि प्रत्येक फोटोतून प्रविणला वेगळं कापून घेतलं. तुला बाहेर ठेवलं. इतका राग होता, तरी एकही गोल वाकडा आला नाही. सिस्टरनी पाहिलं असतं तर शाबासकी दिली असती. वर नागमोडी कात्रीने कडा कातरल्या, आणि तो एकटा, सुबक, एका वहीच्या पानापानावर चिकटवला. उरलेले तुकडे बिस्किटाच्या डब्यात टाकले. चुलीत घालायला हात धजला नाही.

काल तो डबा उघडला. फोटो पुन्हा जुळवायला बसले, तर जुळेनात. कडा मी कातरून फेकल्या होत्या ना. कसेही ठेवले तरी तुम्हा दोघांमध्ये फट राहते.

आणि रुचिका, प्रत्येक तुकड्यात तुझ्या खांद्यावर त्याचा हात आहे.

हे चष्मा लावून जवळ आले, वाकून पाहिलं. “तिले कापता कापता पोराचाच हात कापला वं तू,” म्हणाले आणि बाहेर निघून गेले. माझ्या वहीतल्या प्रविणला एकाही पानावर तो हात नाही. तीन वर्षं मी ती वही रोज उघडत होते. मला दिसलं नाही.

मी तुला जे बोलले ते चूक होतं.

शेजारचे नत्थूभाऊ उद्या तुमच्याकडे तुमसरला येणार आहेत, त्यांच्याजवळ पिशवी देते. वही डिंपलला दे. वहीतले गोल सोडवून फोटो मागून कागदाची पट्टी लावून जोडले आणि परत वहीत ठेवले आहेत, फट लपवली नाही. तिने विचारलं तर आजीने कापलं असं खरं सांग. मला शाळेत बक्षीस मिळालेली छोटी कात्रीही तिचीच. कागद कसा फिरवायचा ते तूच शिकव. चिन्नोर तांदूळ प्रफुल्लरावांसाठी आहे. माझा नमस्कार सांगून दे.

वेगळ्या पाकिटात एक तुकडा आहे, तो मी जोडला नाही. त्या उन्हाळ्यातला, आपल्या ओसरीवरचा. तू हसते आहेस आणि खांद्यावर तो हात. त्यातला गोल कापलेला प्रविण मी माझ्याजवळ ठेवते. हात तुझ्याजवळ असू दे.

म्हणू देशील तर, तुझी आई,
शकुंतला