अठ्ठेचाळीस किलोंचा नॅव्हिगेटर

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ६.०५

आजपासून मी रेसिंग ड्रायव्हर. निर्णय काल झाला. त्रेचाळीस हे वय अजिबात जास्त नाही. उलट या वयात माणूस घाबरत नाही.

मोटर क्लबची हौशी रॅली आहे, ९ मार्चला. घरची साधी गाडी चालते. आमची अकरा वर्षांची हॅचबॅक साधीच आहे. फॉर्म भरला. त्यांनी चौदा पानांची नियमावली पाठवलीय. सवडीने वाचेन. ड्रायव्हरची नजर रस्त्यावर हवी, कागदावर नाही.

४ फेब्रुवारी

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही, ही वही कुणी वाचत नाही.

बाबा. चौतीस वर्षं बस डेपोत टाइमकीपर होते. कुठली गाडी किती वाजता सुटली, किती वाजता आली, हे लिहायचं. घरीही तेच. मी जन्मलो तेव्हा म्हणे त्यांनी घड्याळ बघून आईला सांगितलं की हा अकरा तास लेट आहे. डिग्री मिळाली, तर म्हणाले, बघू पुढे काय ते. टाइल्सच्या शोरूममध्ये मॅनेजर झालो, तेव्हाही बघू. शाब्बास हा शब्द मी त्यांच्या तोंडून आजवर ऐकलेला नाही. वाईट वाटतं. या वयातही वाटतं.

एक ट्रॉफी त्यांच्या टेबलावर ठेवायची. बस.

७ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला सगळे वस्ताद म्हणतात. त्याला इंजिनची पॉवर वाढवायची आहे म्हटलं. तो म्हणाला, साहेब, आधी क्लचप्लेट बदला. या माणसाला दृष्टी नाही.

माझा सिद्धांत: पॉवर विकत घ्यावी लागते, हलकेपणा फुकट मिळतो. दुपारभर खपून मागची सीट काढली. स्टेपनी, जॅक, पायपुसणी, टाइल्सची सॅम्पल्स, बायकोची छत्री, सगळं बाहेर. एक्केचाळीस किलो कमी. एक बोल्ट सापडत नाहीये, म्हणजे तोही कमीच.

९ फेब्रुवारी

मागची सीट हॉलमध्ये ठेवलीय. बायकोने विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, तात्पुरती. ती म्हणाली, गच्चीवरचा तुझा ट्रेडमिलही तात्पुरताच होता. कन्येला मात्र सीट आवडली. तिथे बसून अभ्यास करते. म्हणजे फोन बघते.

१२ फेब्रुवारी

गाडीत सर्वांत जड वस्तू मी, हे आज लक्षात आलं. अठ्ठ्याऐंशी किलो. उद्यापासून साखर, तळलेलं, भात बंद. चंग बांधलाय.

१३ फेब्रुवारी

शोरूममध्ये एकाचा वाढदिवस. केक. नको म्हटलं असतं तर त्याचं मन दुखावलं असतं. दोन तुकडे. डाएट सोमवारपासून, आठवड्याच्या मध्ये सुरू केलेलं टिकत नाही.

१६ फेब्रुवारी

गाडीत शेजारी नॅव्हिगेटर बसवणं सक्तीचं आहे. उमेदवारांचा विचार केला. शोरूममधला पैलवान: शहाण्णव किलो. बाद. मेहुणा: एकोणऐंशी, आणि अखंड बडबड. बाद. बायको: विचारायच्या आधीच नाही म्हणाली. बाबा: चपलांसकट अठ्ठेचाळीस. निवड झाली.

बाबांनी विचारलं, काम काय? मी म्हटलं, बसायचं. ते म्हणाले, नियम दाखव. दिली चौदा पानं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी वेळ तरी जाईल. चष्मा आणि लाल पेन्सिल घेऊन बसले.

१९ फेब्रुवारी

बाबांनी नियमावली दोनदा वाचली. म्हणतात, ही पहिलं येण्याची शर्यत नाही, ठरलेल्या वेळेला पोचण्याची आहे. सरासरी वेग ठरवून दिलेला असतो. एक सेकंद उशीर झाला तर एक दंडगुण, एक सेकंद लवकर पोचलं तर दोन. ज्याचा दंड कमी, तो जिंकला.

मला हसू आवरेना. चौतीस वर्षं डेपोत काढल्यावर माणसाला सगळीकडे टाइमटेबलच दिसणार. वेळेवर पोचल्याबद्दल कोण ट्रॉफी देतं? पण वाद घातला नाही. या वयात त्यांना दुखवायचं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

बायपासवर सराव. बाबा मांडीवर पॅड, हातात दोन घड्याळं घेऊन. सारखे छत्तीस, छत्तीस करत होते. मी सत्तरवर ठेवली. शेवटी घड्याळ बघून म्हणाले, सात मिनिटं आधी आलास.

आयुष्यात पहिल्यांदा ते मला म्हणाले की मी आधी आलो! चेहरा गंभीर होता, पण त्यांचं कौतुक तसंच असणार. मला दिवसभर बरं वाटत होतं.

१ मार्च

हेल्मेट मेहुण्याचं आणलं, मोटरसायकलचं. नियमात सक्ती नाही असं बाबा म्हणाले, पण फोटोत हवं. आतून इतकं जाड की बाहेरचं काही ऐकू येत नाही. बायकोने चहाला तीन हाका मारल्या म्हणे. एकाग्रतेला उत्तम.

वजन नव्वद. वजनकाटा जुना झालाय.

८ मार्च, शनिवार. संध्याकाळी ७

आज गाड्यांची तपासणी. तपासणाऱ्या बाईंनी मागचं दार उघडलं आणि विचारलं, सीट कुठे आहे? मी अभिमानाने म्हटलं, हॉलमध्ये. मग विचारलं, स्टेपनी? गाडी जशी रोज रस्त्यावर असते तशीच हवी, असा नियम आहे. बाबा शांतपणे म्हणाले, पान चार.

घरी गेलो. सीटवर कन्या होती, तिला उठवलं. वस्तादने सगळं परत बसवलं. बोल्ट नव्हता, त्याने स्वतःचा घातला आणि क्लचप्लेटची आठवण करून दिली. पाच तास गेले. एक्केचाळीस किलो परत आले. हरकत नाही. बाबा अजून अठ्ठेचाळीसच आहेत.

९ मार्च. सकाळी ५.४०

आज. नंबर सतरा. एकेक गाडी एकेका मिनिटाने सुटणार, आम्ही ७.१६ ला. बाबांनी जुनं मनगटी घड्याळ रेडिओच्या वेळेवर लावून घेतलं. मी हेल्मेट घातलं.

सकाळी ७.३६

पहिला चेकपॉइंट. सहा गाड्या मागे टाकल्या! सगळे आजारी असल्यासारखे एका रांगेत चालले आहेत. इथल्या माणसाने घड्याळ बघितलं, मला बघितलं, परत घड्याळ बघितलं. असा ड्रायव्हर पाहिला नसेल. बाबाही फार उत्साहात आहेत, सारखे हातवारे करतायत. ऐकू काही येत नाही.

सकाळी ८.००

दुसरा. एकूण तेरा मागे. एका निळ्या गाडीत एक डेंटिस्टबाई, शेजारी नवरा. नकाशा वाचून त्याला गाडी लागली होती, पिशवीत तोंड घालून बसला होता. लोक तयारी न करता येतात.

सकाळी ८.३५

पहिला! सर्वांत पहिला! शेवटच्या ठिकाणी माणसं अजून झेंड्याचे खांब ठोकत होती. हेल्मेट काढलं. बाबांकडे बघितलं. त्यांनी घड्याळ बघितलं, पॅडवर काहीतरी लिहिलं, पेनाला टोपण लावलं. त्यांना भरून आलं असावं.

९ मार्च. दुपारी ४

अठ्ठावीस गाड्यांत अठ्ठाविसावा. दंड पाच हजार एकशे साठ. जिंकणाऱ्याचा अडतीस. निकाल सांगणाऱ्याने माइकवरून विचारलं, सतरा नंबर, तुम्हाला गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं होतं का? लोक पोट धरून हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार?

मग त्यांनी नॅव्हिगेटरांचे कागद बघितले. बाबांचा कागद हातोहात फिरला. प्रत्येक किलोमीटरला वेळ, हवी असलेली वेळ, फरक, सगळं सेकंदापर्यंत बरोबर. आणि समासात एकोणीस वेळा, लाल पेन्सिलीने: चालकास सांगितले.

डेंटिस्टबाईंनी तो कागद दोनदा वाचला.

१० मार्च

दोष हेल्मेटचा, म्हणजे मेहुण्याचा. शिवाय इतका महत्त्वाचा नियम ठळक अक्षरांत नको? तक्रार लिहायला घेतली. त्यासाठी नियमावली उघडली. पान दोन. ठळक आहे. चौकटीत आहे. तक्रार रद्द.

१६ मार्च

पुढची रॅली १३ एप्रिलला. बाबांना म्हटलं, या वेळी तुम्ही सांगाल तसं. हेल्मेटशिवाय. ते म्हणाले, बघू. त्यांचं बघू म्हणजे होच असतं.

२१ मार्च

डेंटिस्टबाईंचा फोन. मला वाटलं धीर द्यायला केला असेल. बाबांना द्या म्हणाल्या. बाबा वीस मिनिटं बोलले. माझ्याशी ते एवढं वर्षात बोलतात. मग कॅलेंडरवर १३ तारखेला गोल केला आणि मला म्हणाले, त्यांच्या मिस्टरांना गाडी लागते.

त्या बाईंनी वजन विचारलंसुद्धा नाही.

२२ मार्च

मला काही वाटलेलं नाही. नवीन नॅव्हिगेटर शोधतो. मेहुणा नाही म्हणाला. पैलवान नाही म्हणाला. कन्येने विचारलं, तुम्ही ऐकणार का? विषय बदलला.

१३ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ५.३०

बाबांना रॅलीला सोडायला मी गेलो. साडेसहा म्हणाले होते, सहा अठ्ठावीसला पोचवलं. ते पटकन उतरले आणि निळ्या गाडीत जाऊन बसले. मी दिवसभर तंबूत, त्यांचा स्वेटर आणि डबा सांभाळत.

दंड एकवीस. पहिला नंबर.

ट्रॉफी आता बाबांच्या टेबलावर आहे. म्हणजे माझं उद्दिष्ट तांत्रिकदृष्ट्या साध्य झालं, तेही माझ्या गाडीचं पेट्रोल सोडून खर्च न करता.

एक गोष्ट लिहायची राहिली. गाडीतून उतरल्यावर बाबांनी त्या बाईंच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, शाब्बास. स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी तीन फुटांवर होतो. आजवर वाटायचं की तो शब्द त्यांना येतच नाही.

परत येताना गाडी फार छान चालवली. वेग एकसारखा, एक खड्डा नाही, एक झटका नाही, दिलेल्या वेळेला दारात. हे उगीच लिहीत नाही, मी स्वतः घड्याळ लावलं होतं.

बाबा झोपले होते.