न वाळणारा लेप

सौ. गृहस्वामिनीस,
सप्रेम तक्रार विशेष.

तुझ्या चिरंजीवांनी माझा प्रातःकालीन फेरफटका बंद पाडला आहे. गॅरेजपासून फाटकापर्यंतच्या डांबरी वाटेच्या भेगा बुजवून वर काळाकुळकुळीत लेप चढवला. "बाबा, वाळेपर्यंत पाय ठेवायचा नाही!" मी मागच्या दाराने चोरासारखा ये-जा करतो.

लेप दोन दिवसांत वाळतो, असं डब्यावर छापलंय. आठवडा उलटला. काल गुपचूप पांढऱ्या मोज्यांनी चालून आलो, मोजे पांढरेच. प्रत्यक्षाला प्रमाण कशाला? तरी हा म्हणतो, "ओलं आहे, गाडी कशी काढू?" आणि कामावर जात नाही.

तुझा गुडघा कसा आहे? फोनवर तो तुला काही बोलला का?

'कळावे' लिहिणार होतो, पण मलाच काही कळेना. त्याची नोकरी गेली असावी, अशी भीती वाटते. विचारायचा धीर होत नाही.

तुझाच