बोटीचा वाटा

३ जून
ऑपरेशनला अकरा दिवस झाले. गुडघा साठ अंश वळतो, फिजिओवाल्या मॅडमना नव्वद हवाय. कंपनीत पाळीच्या वहीत प्रेशर लिहायचो, आता गुडघा लिहितो. बत्तीस वर्षांची सवय.

दुपारी तीन वाजले की सूनबाई ओटीवर जाऊन बसते. कानात वायर, मोबाईल आडवा धरलेला. आज दार उघडं होतं म्हणून ऐकू आलं. डावीकडे ये, मागे हो, मी आहे, असं काहीतरी. आणि मग मोठ्याने हसली. दर्शना (यापुढे द., लिहायला सोपं) लग्न होऊन आली त्याला दीड वर्ष झालं, एवढ्या मोकळ्या आवाजात हसलेली पहिल्यांदा ऐकली. बायकोला विचारलं, कुणाशी बोलते? म्हणाली, भावाशी. आणि वर, तुम्हाला एवढंही माहीत नाही?

४ जून
माहिती काढली. चहा घेता घेता द. स्वतःच बोलली.

तिचं माहेर थळचं, कोळी. आम्ही चौलचे, बौद्धवाडीतले. रजिस्टर लग्न. त्या दिवसापासून तिच्या वडिलांनी तिचं नाव टाकलंय. मोठा भाऊ नितेश (नि.) फोन उचलत नाही. पण या गेममध्ये बहीण-भाऊ आधीपासून एका टीमला. ती टीम मात्र त्याने मोडली नाही. तिथे बोलतो, फक्त गेमपुरतं. कशी आहेस, असं एकदाही विचारलेलं नाही. तेही जून-जुलै, मासेमारी बंद असते म्हणून. ऑगस्टला बोट निघाली की रेंज नाही आणि भाऊही नाही.

टीम पाच जणांची. द., नि. आणि हर्षल-परेश हे दोघे चुलतभाऊ. पाचवा पोरगा आज सकाळी जहाजावर नोकरीला गेला. चौघांना खेळता येत नाही. अलिबागला जुलैअखेर स्पर्धा आहे, त्यात नाव दिलंय.

मी म्हटलं, मला शिकव. तिला वाटलं गंमत करतोय.

५ जून
गंमत नव्हती. विद्यार्थी म्हणून पहिला प्रश्न: यात सगळ्यात भारी कोण?
ती म्हणाली, "कुणापुढे, पप्पा?"
उत्तर नाही दिलं, उलटा प्रश्न. संध्याकाळपर्यंत डोक्यात घोळत होता.

समजलं ते असं. दोन किल्ले, मध्ये तीन वाटा, पाच विरुद्ध पाच. शंभराच्या वर पात्रं, त्यातलं एक निवडायचं. वाटेवर छोटे सैनिक येतात, ते मारले की सोनं मिळतं. त्या सोन्याने वस्तू घ्यायच्या. बूट, तलवार, चिलखत. प्रत्येक जण रिकाम्या हाताने सुरुवात करतो. हे मला आवडलं.

८ जून
आज पहिल्यांदा खेळलो. द. ने त्यांना सांगितलं, एक काका आहेत, नवीन आहेत, सांभाळून घ्या. माझा माईक बंद ठेवायचा असं ठरलं. का, ते दोघांनाही माहीत होतं.

अब्रू गेली. दुकानात सगळ्यात महाग तलवार होती, तिच्यासाठी सोनं साठवत राहिलो, मध्ये काहीच घेतलं नाही. सहा वेळा मेलो, सोनं खिशात. आणि मी घेतलेलं पात्र वैद्यीण, जिला तलवारीचा काडीचा उपयोग नाही. द. हसू दाबत म्हणाली, आधी बूट घ्या, चालता तर आलं पाहिजे. बायको आतून म्हणाली, ते त्यांना गुडघ्यानेच शिकवलंय.

१४ जून
गुडघा पंच्याऐंशी. वही वेगळी केली गेमसाठी.

काट्यांचं चिलखत: तुम्हाला मारणाऱ्यालाच लागतं. जलद मारणाऱ्यापुढे उत्तम, जादूवाल्यापुढे फुकट.
गंजका खंजीर: याची जखम लवकर भरत नाही. समोर वैद्यीण असेल तरच घ्यायचा.
म्हणजे आधी समोर कोण आहे ते बघायचं, मग दुकानात जायचं. मी आयुष्यभर उलट केलं. मुलासाठी, मिलिंदसाठी स्कूटर घेतली तेव्हासुद्धा. त्याला सायकल हवी होती.

वैद्यीण म्हणून बरं जमतंय. मारायचं नाही, मागे राहायचं, कुणाचा काटा खाली येतोय ते बघायचं. कंट्रोल रूममध्ये दुसरं काय केलं?

१९ जून
सलग पाच हरलो. पाचही वेळा पहिली दहा मिनिटं आम्ही पुढे. मग हळूहळू मागे. यात काहीतरी आहे. हाताच्या चुका असत्या तर सुरुवातीलाच झाल्या असत्या.

दर दोन मिनिटांनी कुणाकडे किती सोनं ते वहीत लिहायला लागलो. उद्या बघतो.

२१ जून
सापडलं! आमच्या पाचांचं सोनं कायम जवळजवळ सारखं. समोरच्यांत एकाकडे दुप्पट, बाकीचे कंगाल. तो एक जण वीस मिनिटांत राक्षस होतो, आम्ही पाच अर्धवट. पोरं एकमेकांसाठी सैनिक सोडतात, हा तुझा, हा माझा. कुणी सांगितलेलं नाही, हात आपोआप तसे चालतात.

इतका आनंद झाला की माईक सुरू करून सांगून टाकलं. अरे, सारखं वाटून हरताय तुम्ही, एकाला भरा.
नि. ने विचारलं, "काका, तुमी कोन?"
खोटं बोलायला हवं होतं. पण अचानक सुचत नाही मला. म्हटलं, दर्शनाचा सासरा.
मग त्याचं नाव यादीतून गेलं. डाव अर्धा टाकून.

२२ जून
नि. आला नाही.

२४ जून
नाही. द. तीन वाजता ओटीवर बसते, मोबाईल मांडीवर. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. बायको बोलली, भरपूर. पोरीला दिवसातला एक तास भाऊ मिळत होता, तुमच्या हुशारीपायी गेला. खरं आहे. फार वाईट वाटतंय. माझा हिशोब बरोबर होता आणि मी गाढव आहे, दोन्ही खरं.

२६ जून
आला. तीन वाजून दहा मिनिटांनी, काही घडलंच नाही असा. मी माईक बंद करून बसलो होतो.

पहिला डाव हरल्यावर तो म्हणाला, "काकाला सांग, आमचे बोटीव कुनी जास्ती खात नाय. तांडेल असो का नवा पोऱ्या, मानसाला एक वाटा."
मी इथेच बसलोय हे माहीत असून, काकाला सांग. पण म्हणजे पाच दिवस त्याच्याही डोक्यात तेच होतं.

द. म्हणाली, माणसांचे वाटे सारखे, पण बोटीचा वाटा आधी निघतो ना, दादा? बोटीचा, मग जाळ्यांचा, मग माणसांचे. बोट धड नसेल तर कोणालाच काही नाही. बोटीला जास्त दिलं म्हणून कधी कोण भांडलं?

मला हे ठाऊक नव्हतं. बत्तीस वर्षं थळच्या फाट्यावरून कंपनीत गेलो, बोटी रोज बघितल्या.

नि. ने विचारलं, "मंग बोट कोन?" हर्षल म्हणाला, तूच. मी यादीत त्याचं नाव शोधलं. मला वाटलं पुन्हा गेला.
"मी नाय. बायला करा."
बाय म्हणजे द. माहेरी तिला तसंच म्हणायचे. ती माझ्याकडे बघत नव्हती, पडद्याकडेही बघत नव्हती.

२ जुलै
द. ला धनुर्धारी दिली. सगळे सैनिक तिचे. चिलखताआधी तिचे बाण, माझ्या काठीआधी तिचे बूट. मी सतत तिच्या मागे. आठातले सहा जिंकलो. गुडघा एकशे दहा! फिजिओच्या मॅडम विचारत होत्या, काय करता? गेम खेळतो म्हटलं, विश्वास बसला नाही त्यांचा.

११ जुलै
मिलिंद दिघीहून आला, पोर्टला सुट्टी होती. बाप आणि बायको शेजारी बसून ओरडतायत, हा भात गरम करून घेतोय. आम्ही दोघं एवढं बोलतो याचं त्याला नवल वाटलं. मलाही वाटतं.

१९ जुलै
अपडेट आलं. धनुर्धारीचा पल्ला कमी केला. सगळेच तिला घेत होते म्हणे, म्हणून कंपनीवाल्यांनी पंख छाटले. कालपर्यंतची भारी आज साधी. नि. म्हणतो, तरी तीच ठेवू, हात बसलाय. द. म्हणते, दुसरं काही शिकून ठेवू. मी द. च्या बाजूने. वहीत तीन नावं काढली, रोज एक डाव. हल्ली नि. मला थेट "काका, ऐका" म्हणतो.

द. ला काल विचारलं, ऑगस्टनंतर काय? म्हणाली, पुढच्या जूनपर्यंत थांबायचं. मागच्या वर्षी थांबले तसं. हे तिने इतक्या सहज सांगितलं की मीच उठून बाहेर जाऊन बसलो.

२६ जुलै
अलिबाग. हॉलमध्ये पंख्याखाली टेबलं, एकेका टीमला पाच खुर्च्या. सगळ्यांत म्हातारा मी, काठीसकट. नोंदणीवाल्याने विचारलं, कोणाचे पालक?

नि. उंच आहे, आवाजावरून वाटला नव्हता. दोघं दीड वर्षाने समोरासमोर. त्याने मान हलवली, तिने मान हलवली. खुर्च्या शेजारी लावल्या होत्या, बसले. पहिली फेरी जिंकलो. टाळी द्यायला वळले आणि मध्येच हात मागे घेतले दोघांनीही.

दुसरी फेरी. सुरुवातीला समोरच्यांना आमची दोन पात्रं बाद करता येतात. त्यांनी धनुर्धारी केली, तिच्याबरोबर वहीतल्या तीन नावांतलं पहिलंही. वेळ तीस सेकंद. हर्षल म्हणाला, बोट बदलू, नितेशला देऊ. मीही मनात तेच म्हटलं, लिहून ठेवतो.
नि. पूर्ण तिच्याकडे वळला. "बाय, तूच बोट. बोल, कोन घेतेस?"
तिने भालेवाली घेतली. जवळ जाऊन लढणारी. धोक्याची.

पस्तीस मिनिटं चाललं. त्यांचा किल्ला इतका जवळ की दरवाजा दिसत होता. द. पुढे घुसली, बरोबर घुसली. मी दोन पावलं मागे राहिलो, त्यांच्या खंजीरवाल्याला बघत. अंगठा हलेपर्यंत ती पडली. मग सगळेच.

कुणी मला काही बोललं नाही. निघताना नि. ने तिच्या हातात पिशवी दिली, म्हणाला, आयेने दिलीय. सुके बोंबील होते. रिक्षात घट्ट धरून बसली होती.

२९ जुलै
नि. चा फोन. माझ्या मोबाईलवर, द. च्या नाही. आधी गुडघ्याची चौकशी केली. मग म्हणाला, परेशने डाव मोबाईलवर रेकॉर्ड केला होता, तो बाने बघितला. बा जाळं विणत बसला होता, बघू म्हणाला. तीन वेळा बघितला. ही भालेवाली कोण, म्हणून विचारलं. नि. ने सांगितलं, बाय.
मग बाने जे विचारलं ते नि. ने जसंच्या तसं सांगितलं. "ती परली तवा तिचे मागं कोन व्हता?"
नि. म्हणाला, तिचा सासरा. बा म्हणाला, मग त्याला विचार, उशीर का झाला.

फोन ठेवल्यावर बसून राहिलो. दीड वर्ष ज्याने मुलीचं नाव घेतलं नाही, तो मला जाब विचारतोय. राग यायला हवा होता. तुम्ही कुठे होतात, असं म्हणता आलं असतं. राग आला नाही. त्याचा प्रश्न बरोबर आहे. उशीर झाला.

३० जुलै
द. ला सगळं सांगितलं. तिने ते वाक्य दोनदा म्हणायला लावलं, बा जसं बोलला तसं.

असल्या प्रश्नाला फोनवर उत्तर देता येत नाही, थळला जाऊनच द्यावं लागेल. परवा बोट निघणार. उद्या दुपारपर्यंत तिचा बा किनाऱ्यावरच असेल. बायको म्हणते, जा, पण काठी घेऊन जा, वाळू आहे.

द. ने विचारलं, किती वाजता निघणार? मी म्हटलं, दहाला. मग तिने विचारलं, गाडीत पुढे बसणार का मागे. मी म्हटलं, मागेच बसतो, तुझ्या मागे. तू येणार असलीस तर.
ती उठून आत गेली. आतल्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज आला.