आई फुल रेंजमध्ये

४ मे, दुपारी ४.१५
हॉटेलवर पोचलो. पॉकेट वायफाय चालू केलं. पाचच्या पाच कांड्या! साबणाच्या वडीएवढं यंत्र, पण काम दांडगं. ही म्हणत होती, दोघांच्या फोनला साधं रोमिंग घेऊन टाकू. तिला यातलं काय कळतं? ऑफिसात सगळ्यांचे कॉम्प्युटर अडले की मलाच बोलावतात. दोन्ही सिम काढून पाकिटात ठेवली. एक यंत्र, दोन फोन, विषय संपला.

लगेच घरचा कॅमेरा उघडला. आई बाहेरच्या खोलीत खुर्चीत, आणि कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘लाइव्ह’. हे ताईने बघायला हवं होतं. निघताना केवढा घोळ घातला तिने! म्हणे आठवडाभर आईला माझ्याकडे ठेव, ऐंशीच्या बाईला एकटं कसं सोडतोस. एकटी कुठे? मी आहे ना कॅमेऱ्यात. आईलाही पढवून ठेवलंय, काही लागलं तर कॅमेऱ्याकडे बघून बोल, मला इथे दिसतं आणि ऐकूही येतं.

संकल्प: आईला रोज तीनदा बघणे. प्रत्येक ठिकाणी स्वतः समोर उभं राहून माहितीपर व्हिडिओ काढणे. क्वालिटी सगळ्यात वरची.

५ मे, सकाळी ९.३०
नेट किंचित मंद. या हॉटेलच्या भिंती जाड आहेत. यंत्र खिडकीत ठेवलं. चार मिनिटं पडद्यावर चकरी फिरल्यावर कॅमेरा उघडला. आई खुर्चीत.

संध्याकाळी ७.१०
आई खुर्चीतच. तीच निळी साडी, हात तस्साच. काय बैठक आहे! माझ्यात ही चिकाटी कुठून आली ते आज कळलं.

६ मे, दुपारी १२.२०
आई खुर्चीत. ही म्हणाली, कालचं आणि आजचं चित्र एकच आहे, स्टुलावरचा कपसुद्धा हललेला नाही. मी समजावलं, म्हातारी माणसं सवयीची पक्की असतात. ताईला मेसेज टाकला, ‘आई उत्तम आहे. मी बघतोय.’ मेसेजपुढे अजून घड्याळाची खूण आहे. जाईल.

वस्तुसंग्रहालयासमोर अकरा मिनिटांचा व्हिडिओ काढला. शेवटी शिंक आली म्हणून पुन्हा काढला.

७ मे, सकाळी ८.४५
खुर्ची रिकामी. कप जमिनीवर आडवा. चित्राच्या अगदी खालच्या कडेला एक चप्पल. एकच.

खोटं कशाला लिहू, चित्र चारदा मोठं करून बघितलं. पण डोकं शांत ठेवून विचार केला. आई आत गेली असणार. मांजराने कप पाडला असणार. दुसरी चप्पल चौकटीबाहेर असणार. तीन प्रश्न, तीन उत्तरं.

ही ऐकायला तयार नाही. ताईंना फोन करा म्हणाली आणि सिम काढायला पाकिटाला हात घातला. मी पाकीट काढून घेतलं. ताईला काय विचारू, आई कुठे आहे? आयुष्यभर ऐकवेल. ही नाश्त्याला आली नाही.

दुपारी ३.००
खुर्ची रिकामीच. चप्पल तिथेच. कप अजून उचललेला नाही. आल्यावर आईला बोलायला हवं.

८ मे, सकाळी ११.००
कांड्या पाच, वेग शून्य. यंत्र डोक्यावर धरून चौकात वीस मिनिटं फिरलो. लोक आपणहून वाट देत होते. शेवटी एक चित्र आलं. घरात माणसं! तिघे जण जमिनीवर गुडघे टेकून वाकलेत, पाठी कॅमेऱ्याकडे. शेजारच्या काकू दारात, तोंडावर हात ठेवून.

उलगडा झाला. आईचा चष्मा कपाटाखाली गेला असणार, तो शोधतायत. काकूंना हसू आवरत नसणार. शेजारधर्म अजून शिल्लक आहे! हिला चित्र दाखवलं. ही हसली नाही. कोट घालून एकटीच खाली गेली. हल्ली तिच्याशी काही बोलायची सोय नाही.

९ मे, सकाळी १०.३०
हिने रिसेप्शनवरच्या बाईला खोलीत आणलं. बाईने यंत्र बघितलं, मग माझा फोन बघितला. म्हणाली, वेगवान नेटचा रोजचा कोटा ठरलेला असतो. तो तुमचा हा फोनच पहाटेपर्यंत संपवतो, कारण त्यावरचे सगळे व्हिडिओ आपोआप वर चढतायत. मग दिवसभर नेट रांगतं. कॅमेऱ्यातली चित्रं थकून भागून येतात ती एक-दोन दिवसांची शिळी.

मी विचारलं, पण लाइव्ह लिहिलंय ना? बाई म्हणाली, लिहिलेलं असतं.

व्हिडिओ चढवणं बंद केलं. दोष माझा नाही, हे सेटिंग कंपनीच आधीपासून चालू ठेवते.

सकाळी ११.४०
हिने पाकीट उचललं आणि मी काही म्हणायच्या आत स्वतःचं सिम घातलं. ताईचे चौतीस मिस्ड कॉल. ही जिन्यात जाऊन बोलली. परत आली ती पलंगाच्या कडेवर बसली.

आई पडली, परवा... नाही, सहा तारखेला. सकाळी. खुब्याचं हाड. काकू दुपारी सहज आल्या, दार उघडेना, मग माणसं बोलावून कुलूप तोडलं. काल ऑपरेशन झालं. सही ताईने केली. आई शुद्धीवर आहे.

ताईने आईला विचारलं, काकू भिंतीपलीकडे होत्या, ओरडली का नाहीस? आई म्हणाली, ओरडायचं कशाला? तो बघत होता ना. म्हटलं पाठवेल कोणाला तरी.

दुपारी २.००
आजचा व्हिडिओ काढला नाही.

१० मे, सकाळी ६.५०, विमानतळ
विमानाला दोन तास. रात्रभर काही वर चढलं नाही, त्यामुळे कोटा शाबूत. नेट असं पळतंय की नकाशासुद्धा बोट लावायच्या आत उघडतो. अडकलेले मेसेज एका दमात गेले. त्यात ताईला पाठवलेला तो मेसेजही गेला. खाली लगेच दोन निळ्या खुणा आल्या.

कॅमेऱ्याचं राहिलेलं रेकॉर्डिंगही आलं. सगळ्यात वर: ‘हालचाल आणि आवाज. ६ मे, सकाळी १०.०४. अवधी २ तास १६ मिनिटं.’ शेजारी छोटं चित्र. आईचा चेहरा जमिनीलगत, वर बघतोय. थेट माझ्याकडे. तोंड उघडं आहे, काहीतरी सांगतेय.

नुसतं बोट लावायचा अवकाश आहे.

शेजारून हिने विचारलं, आलं का काही त्या दिवसाचं?

नेट स्लो आहे, म्हटलं.