रायफल योनातनला नाही

मी, सॅम्युएल आर्ये झिराडकर, मूळ अलिबागकडचा, आता परदेशात राहणार एटोबिको, पूर्ण शुद्धीवर राहून, कुणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र करतो. मी रागात आहे, हेही खरं. रागावलेला माणूस वेडा नसतो, एवढी साक्षीदारांनी खात्री करून घ्यावी.

घर आणि बँकेतलं सगळं पत्नी मेबल हिला. तिच्यामागे मुलगा योनातन आणि मुलगी हदासा यांना निम्मं निम्मं. बेसमेंटमधली अवजारं योनातनने न्यावीत. वापरलेलं जागेवर ठेवायची सवय तेवढी त्याने बाजारातून आणावी.

उत्तरेकडची कॅबिन दोघांची. हरणांची रायफल मात्र हदासाची. का, ते इथेच लिहितो, म्हणजे मागून 'डॅडनी फेव्हरिटिझम केलं' म्हणत फिरायला नको.

माझे वडील आम्हा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांसाठी कोंबड्या कापायचे. आधी सुरीच्या धारेवरून नख फिरवायचे. जराशी खाच लागली की म्हणायचे, "टोपलीत!" कोंबडी परत टोपलीत. तडफडू न देता मारता येत नसेल तर हात लावायचा नाही. आमच्या घरात 'टोपलीत' म्हणजे 'सोडून दे', हे योनातन तान्हा होता तेव्हापासून ऐकतोय. गोळीचं मांस कोशर नाही, म्हणजे आमच्या धर्माला चालत नाही, आम्ही खात नाही, शेजाऱ्यांना वाटतो. म्हणून मारताना हयगय चालते, असं कुणी सांगितलं?

गेल्या नोव्हेंबरात हरीण लांबून चालत होतं. छाती झाडीआड, पोटच काय ते बाहेर. मी कुजबुजलो, "टोपलीत." योनातनने धाडकन गोळी घातली! वर म्हणे, "आय थॉट यू मेन्ट इट्स इन द बॅग, डॅड!" म्हणजे हरीण आपल्याच टोपलीत पडलं, असा अर्थ. अरे गाढवा, जन्मभर काय ऐकलंस?

पोटात गोळी लागलेलं हरीण लगेच मरत नाही, तासन्‌तास तडफडतं. हदासा आणि मी रक्ताच्या मागावर चिखल तुडवत राहिलो. हा गाडीत हीटर लावून बसला. "इट्स गॉन, डॅड. चला, ट्रॅफिक लागेल." ट्रॅफिक! हरीण सापडलं नाही. मला त्याची अजून लाज वाटते आणि याला वाटत नाही, हा माझा खरा राग.

हदासा दर सीझनला रिकाम्या हाताने येते. मध्ये फांदी आली, हरणाने तोंड वळवलं, की बंदूक खाली. मेबल हसते, "काय गं, फिरायला जातेस का?" हसू दे. रायफल तिचीच, लायसन्सही आहे तिच्याकडे.

योनातनने तिच्यासोबत जावं, ती सांगेल तिथे बसावं, तिच्यादेखतच रायफल हातात घ्यावी. ज्या दिवशी हरीण टप्प्यात असताना, नेम धरलेला असताना, पण एका गोळीत जीव जाईल याची खात्री नसताना, कुणी काही न सांगता तो बोट मागे घेईल, त्या दिवशी हदासाने रायफल त्याला देऊन टाकावी. शाबासकी द्यायला तेव्हा मी नसेन, आणि तेच बरं.

सही: सॅ. आ. झिराडकर

आम्हा दोघांसमोर वाचून, टेबलावर मूठ आपटून सही केली. शुद्धीवर आहेत.
साक्षीदार: ज्ञानदेव साळवे, शेजारी; छाया साळवे, शेजारी
एटोबिको, ९ फेब्रुवारी २०२५