कापणीच्या कागदावरच्या कविता

दि. ९ मार्च

श्री. शिंपीमास्तर यांस,

नुसता नमस्कार. सप्रेम लिहायला हात धजत नाही.

इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे आहेत तसेच. भावाला जाऊन मंगळवारी तीन महिने होतील, हे तुम्हाला सांगायला नको.

कामाचं लिहिते. प्रकाशक त्याची समग्र कविता काढताहेत. पहिला संग्रह आला तेव्हा, पुरुषावर कविता आणि तीही आपल्या आडनावाने, म्हणून बाबांनी त्याला भरल्या ताटावरून उठवलं होतं. पुरस्कार मिळाल्यावर त्याच बाबांनी त्याचा फोटो बैठकीच्या खोलीत लावला. फोटो तुम्हा दोघांचा होता, अर्धा कापून लावला. कापाकापी आम्हालाही जमते.

पहिल्या संग्रहानंतरच्या सगळ्या कविता तुमच्याकडे आहेत. त्याने कधी हातात पेन धरलं नाही. तो दुकानात येरझाऱ्या घालत म्हणायचा आणि तुम्ही मशीन थांबवून, कपडे बेतायच्या त्या कापणीच्या खाकी कागदावर उतरवून घ्यायचात. असा एक कागद मी पाहिलाय. वर कुणा गिऱ्हाइकाची छाती अडतीस, कंबर चौतीस, आणि खाली विरह. हसून हसून पुरेवाट झाली माझी. ते सगळे कागद पाठवून द्या. हक्क आमच्याकडे आहेत, हवं तर वकिलाला विचारा. पुस्तक आईला अर्पण केलंय. तुमचं नाव कुठेही नाही, शोधण्याचे कष्ट घेऊ नका.

आणखी एक. दवाखान्यात शेवटच्या दुपारी तो कविता म्हणायला लागला, तेव्हा जवळ मीच होते. औषधाच्या चिठ्ठीमागे आठ ओळी उतरवल्या. मग तो थांबला. मी म्हटलं, "पुढे सांग ना."

"पुढचं त्याला माहीत आहे," म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड केलं.

प्रकाशकांना ती कविता शेवटी हवी आहे, पण पूर्ण हवी. मी स्वतः जुळवून पाहिली. एक अख्खी वही खराब केली, पण माझ्या ओळी माझ्याच वाटतात. तेव्हा उरलेल्या ओळी तुम्हीच लिहून पाठवा. माझ्याकडच्या आठ मी पाठवणार नाही.

त्या दुपारी त्याने तीनदा विचारलं, तो आला का. मी तिन्ही वेळा नाही म्हटलं. चार दिवस उशाशी मी बसले होते आणि विचारपूस तुमची. फार राग आला मला. तुम्ही दाराबाहेरच्या बाकावर होतात, मांडीवर त्याच्यासाठी शिवलेला सदरा घेऊन. तुम्हाला सांगितलं, त्याला कुणाला भेटायचं नाही. तुम्ही मान हलवलीत आणि सदरा माझ्या हातात दिलात. भांडला असतात तर कदाचित सोडलंही असतं आत.

सदरा बाबा वापरतात. बाह्या तेवढ्या लांब होतात.

हे कुणाला सांगू नका. सांगितलंत तरी तुमचं कोण ऐकणार आहे?

ओळी पाठवा.

दार अडवून बसलेली,
त्याची ताई